लंडनहून मराठीत : वेणू चितळे यांची हरवलेली बातमीपत्रे

पीटर डेव्हिसन यांनी संपादित केलेले जॉर्ज ऑर्वेलचे समग्र वाङ्मय १९९८ साली वीस खंडांत पुरे झाले. १९४२-४३ ची कागदपत्रे असलेले त्यातले खंड चाळू लागले की मराठी वाचकाची नजर एका नोंदीपाशी अडते, आणि पुढच्या पानांवर तीच नोंद परत परत भेटत राहते. बीबीसी, मराठी बातमीपत्र, अमुक क्रमांक. इंग्रजी मजकूर ऑर्वेलचा. संहिता सापडलेली नाही. डेव्हिसन कमालीचे काटेकोर संपादक. जे हाती लागले नाही त्याचीही तारीखवार नोंद ठेवणारे. पण या नोंदीत सापडलेली नाही म्हणून जिची हळहळ आहे ती संहिता इंग्रजी आहे. हवेतून प्रत्यक्ष आली ती मराठी. ती कोणत्या शब्दांत आली, कोणी ते शब्द निवडले, हा त्या खंडांचा विषय नाही आणि तसा तो असावा अशी अपेक्षाही नाही. ऑर्वेलच्या समग्र वाङ्मयात ऑर्वेलच असणार. प्रश्न आपला आहे. मराठी वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात या बातमीपत्रांना एक ओळसुद्धा का नसावी?

ही बातमीपत्रे मराठीत आणून वाचणाऱ्यांत वेणू चितळे होत्या. अलीकडे हे नाव अधूनमधून ऐकू येते. बहुतेक वेळा ते एका छायाचित्राच्या निमित्ताने येते. १ डिसेंबर १९४२ या दिवशी बीबीसीच्या पौर्वात्य विभागात 'व्हॉइस' या काव्यविषयक कार्यक्रमाच्या वेळी काढलेले ते छायाचित्र. टी. एस. एलियट मध्ये बसले आहेत, जमैकाच्या उना मार्सन आहेत, तांबिमुत्तू, मुल्कराज आनंद, नारायण मेनन आहेत, मागे ऑर्वेल आणि विल्यम एम्पसन उभे आहेत. आणि डावीकडे साडी नेसलेली एक तरुण स्त्री. छायाचित्रातली माणसे ओळखण्याचा खेळ एलियटपासून सुरू होतो आणि तिच्यापाशी येऊन 'ऑर्वेलची सहायक' या दोन शब्दांवर संपतो. गेल्या काही वर्षांत या खेळाची दुसरी बाजूही दिसू लागली आहे. विस्मृतीत गेलेली कर्तबगार मराठी स्त्री असे चितळे यांचे कौतुक होते. दोन्ही वर्णने खोटी नाहीत. पण दोन्हींत एक गोष्ट सारखीच सुटते, ती म्हणजे त्यांचे काम. त्या लंडनमध्ये होत्या आणि थोरामोठ्यांबरोबर होत्या, एवढ्यावर आपण खूश. ध्वनिक्षेपकासमोर बसून त्या करीत काय होत्या, याकडे लक्ष देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चरित्राचा भाग थोडक्यात सांगतो. जन्म १९१२ चा, कोल्हापूर भागातल्या शिरोळ्याचा. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत, मग मुंबईत, विल्सन कॉलेजात. तिसाच्या दशकाच्या मध्यास त्या इंग्लंडला गेल्या आणि युद्ध सुरू झाले तेव्हा तिथेच होत्या. १९४० पासून बीबीसीशी संबंध आला. पुढे ऑर्वेल १८ ऑगस्ट १९४१ रोजी त्या विभागात रुजू झाला तेव्हा त्याच्या हाताखाली कार्यक्रमांची आखणी, वक्त्यांशी पत्रव्यवहार आणि स्वतः बोलणे अशी तिन्ही कामे त्यांच्याकडे आली. ऑर्वेल २४ नोव्हेंबर १९४३ ला नोकरी सोडून गेला. चितळे त्यानंतरही राहिल्या. १९४७ च्या सुमारास त्या भारतात परतल्या, विजयालक्ष्मी पंडित यांच्याबरोबर त्यांनी काही काळ काम केले, १९५० साली त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी मुंबईच्या हिंद किताब्सने काढली, आणि लग्नानंतर त्या लीला गणेश खरे झाल्या. १९९५ साली त्यांचे निधन झाले.

आता तारखांकडे जरा नीट पाहू, कारण तारखा इथे बरेच काही बोलतात. बीबीसीची मराठी सेवा १ मार्च १९४२ ला सुरू झाली. गुजरातीही त्याच दिवशी. हिंदुस्थानी सेवा ११ मे १९४० पासून होती, तमिळ आणि बंगाली १९४१ पासून. मग मराठीला १९४२ च्या मार्चचा मुहूर्त का लाभला? १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले होते. ८ मार्चला रंगून पडायचे होते. मार्चच्याच उत्तरार्धात सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत उतरायचे होते. आणि त्याच फेब्रुवारीत सुभाषबाबूंचा आवाज बर्लिनहून उघडपणे ऐकू येऊ लागला होता. त्यांच्या आझाद हिंद रेडिओच्या भाषांत मराठीही होती. म्हणजे ज्या घरात लघुलहरींवर चालणारा रेडिओ होता, त्या घरात १९४२ च्या वसंतात मराठी दोन दिशांनी येऊ शकत होती, बर्लिनहून आणि लंडनहून. मराठीच्या दीर्घ आयुष्यात असा प्रसंग पूर्वी कधी आला नव्हता. भाषेचे प्रेम हे दोन्हीकडे कारण नव्हते हे सांगायला नको.

लंडनच्या बाबतीत आणखी एक कारण असावे असे मला वाटते. गुजराती सेवा ३ सप्टेंबर १९४४ ला बंद झाली, मराठी चालू राहिली. या फरकामागे सैन्य असण्याचा संभव आहे. मराठा पलटणी एरिट्रियात केरेनला लढल्या, आफ्रिकेत लढल्या, इटलीत लढल्या. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या इटलीतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या घराघरांतून माणसे बाहेर होती आणि त्यांच्या भाषेचा मान ठेवणे सरकारला परवडणारे होते. हे अनुमान आहे, पण १९४४ मध्ये एक भाषा मिटते आणि तिच्याच जन्मदिवसाची दुसरी टिकते, याचा उलगडा त्याने बराचसा होतो.

बातमीपत्र तयार होण्याची रीत अशी होती. ऑर्वेल आठवड्याच्या युद्धवार्तांचा परामर्श इंग्रजीत लिहून काढी. टंकलिखित प्रतीवर दोन मंजुऱ्या लागत, एक धोरणाची आणि एक सुरक्षेची. मग ती भाषांतराला जाई. गुजरातीचे भाषांतरकार देसाई वेल्समध्ये अबरिस्टविथला राहत, त्यांना मजकूर टपालाने जायचा. भाषांतर झाले की वाचन. वाचणाऱ्यासमोर मंजूर संहिता, आणि शेजारी ती भाषा जाणणारा एक माणूस, खटक्यावर हात ठेवून. वाचणारा मंजूर मजकुरापासून ढळला तर खटका ओढून प्रक्षेपण तोडायचे एवढेच त्याचे काम. त्याला नावच होते 'स्विच सेन्सॉर'.

अशा रीतीने ऑर्वेलने दोन-सव्वादोन वर्षांत दोनशेहून अधिक बातमीपत्रे लिहिली. त्यांतली निम्म्याच्या आसपास भाषांतरासाठी होती. इंग्रजीतून प्रक्षेपित झालेली बातमीपत्रे १९८५ साली डब्ल्यू. जे. वेस्ट यांनी पुस्तकरूपाने बाहेर आणली, तेव्हा ऑर्वेलच्या अभ्यासाला नवे वळण मिळाले. '१९८४' मधल्या सत्यमंत्रालयाचे मूळ बीबीसीच्या कचेरीत आहे वगैरे चर्चा तेव्हापासूनची. चर्चा रंजक आहे. पण त्या कचेरीत बसलेल्या भारतीयांकडे त्या चर्चेने पाहिले ते टेबल-खुर्चीकडे पाहावे तसे.

ज्यांनी थोडेफार भाषांतर केले आहे त्यांना एक गोष्ट लगेच लक्षात येईल. मराठी भाषांतरकाराच्या वाटेत पहिल्याच मिनिटाला एक खड्डा आहे. युद्धकाळातल्या इंग्रजी भाष्यात 'वुई' हे सर्वनाम पावलोपावली येते. आमची विमाने, आमचे आरमार, आमची माघार. इंग्रजीला ते एकच सर्वनाम पुरते. मराठीला दोन आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. बोलणारी बाई इंग्रजांच्या बाजूला जाऊन बसते आणि मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला सांगते की आमचे काय चालले आहे. 'आपण' म्हटले की ऐकणाराही युद्धात ओढला जातो. जे युद्ध त्याला न विचारता त्याच्या नावाने पुकारले गेले ते त्याचेच होऊन बसते. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले तेव्हा काँग्रेसचा आक्षेप नेमका या 'आपण'लाच होता. मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले ते याच एका सर्वनामावरून, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. म्हणजे दिल्ली, वर्धा आणि लंडन यांच्यात जो वाद तीन वर्षे धुमसत होता, तो मराठी वाचणाऱ्या बाईला दर आठवड्याला, पहिल्याच वाक्यात, एका शब्दाने सोडवायचा होता.

तिसरी वाट होती. दोन्ही सर्वनामे टाळायची. 'दोस्त राष्ट्रांच्या फौजा', 'ब्रिटिश विमानदल', 'चिनी सैन्य' अशी तृतीयपुरुषी वाक्ये करायची. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांनी हीच वाट धरली होती. परभारे मिळालेल्या तारांचे भाषांतर करताना 'दोस्त' आणि 'अक्ष' ही दोन कपाटे त्यांनी केली आणि प्रत्येक बातमी एकेका कपाटात ठेवली. पण छापील बातमीला तृतीयपुरुष जसा शोभतो तसा बोलण्याला शोभत नाही. बातमीपत्र हे पत्र होते. पत्राला लिहिणारा आणि वाचणारा लागतो. लंडनमध्ये बाँब पडत असताना तिथे राहून कोल्हापूरची मुलगी घरी पत्र लिहिते आहे, हाच तर त्या कार्यक्रमाचा पाया. बीबीसीला हिंदी माणसे ध्वनिक्षेपकासमोर हवी होती ती याचसाठी. इंग्रजाच्या तोंडून आलेला मजकूर प्रचार वाटतो, आपल्या माणसाच्या तोंडून आलेला मजकूर खुशाली वाटते, हे तिथल्या अधिकाऱ्यांना चांगले ठाऊक होते. ऑर्वेललाही ठाऊक होते. पहिले वर्षभर त्याने लिहिलेली इंग्रजी बातमीपत्रेसुद्धा दुसऱ्यांच्या, मुख्यतः झेड. ए. बुखारी यांच्या आवाजात जात. स्वतःच्या नावाने आणि आवाजात तो १९४२ च्या अखेरीस वाचू लागला.

आता ऑगस्ट १९४२. आठ तारखेला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि नऊच्या पहाटे धरपकड. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये आणले. हुजूरपागेत शिकलेल्या मुलीच्या ओळखीचे ते शहर. नेहरू आणि कार्यकारिणी अहमदनगरच्या किल्ल्यात. सप्टेंबरमध्ये वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, नंदुरबारला शिरीषकुमार गेला. आणि मुंबईत ऑगस्टच्या अखेरीपासून एक गुप्त नभोवाणी बोलू लागली, काँग्रेस रेडिओ. तिच्या चालकांत बावीस वर्षांची उषा मेहता होती. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ती पकडली. उषा मेहता विल्सन कॉलेजच्या, १९३९ च्या पदवीधर. वेणू चितळेही विल्सनच्याच. चौपाटीसमोरच्या एकाच दगडी इमारतीतून काही वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेल्या दोन स्त्रिया त्या शरद ऋतूत ध्वनिक्षेपकासमोर बसल्या होत्या. एक सरकार पकडील म्हणून जागा बदलत, दुसरी सरकारच्याच स्टुडिओत. पहिलीला आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणून ओळखतो, ते योग्यच आहे. पण मग दुसरीला काय म्हणायचे?

सोपे उत्तर असे की काही म्हणू नये, नोकरी होती. हे उत्तर मला पटत नाही. त्या विभागात काम करणाऱ्या भारतीयांत स्वातंत्र्यवादी नसलेला माणूस शोधून काढावा लागेल. मुल्कराज आनंद हे उघड साम्राज्यविरोधी होते. बीबीसीशी सहकार्य करावे की नाही याविषयी ते बराच काळ साशंक होते. बलराज साहनी हिंदुस्थानी विभागात निवेदक होते, ते पुढे कुठे गेले हे सर्वांना माहीत आहे. खुद्द ऑर्वेलच्या रोजनिशीत ऑगस्टमधल्या अटकांविषयीचा संताप आहे. ही मंडळी फॅसिझमविरुद्ध होती आणि साम्राज्याविरुद्धही होती, आणि दोन्ही एकदम असण्याची किंमत म्हणून त्यांना रोज अर्धे बोलावे लागत होते. हिटलरविषयी पूर्ण वाक्य, हिंदुस्थानविषयी अर्धे. मराठीत अर्धे बोलण्याची कला जुनी आहे. सासरी आलेल्या मुलीच्या माहेरच्या पत्राइतके अर्धे बोलणारे वाङ्मय दुसरे नसेल. पत्र सासूच्या डोळ्यांखालून जाणार हे लिहिणारीलाही माहीत आणि वाचणाऱ्या आईलाही माहीत. आई शब्दांपेक्षा सूर वाचते. लंडनची मराठी बातमीपत्रे कोल्हापुरात कोणी ऐकली असतील तर अशीच ऐकली असतील असे मला राहून राहून वाटते.

कोणी ऐकली असतील तर. कारण हाही प्रश्न आहेच. हिंदुस्थानात त्या वेळी रेडिओचे परवाने लाख-दोन लाखांच्या घरात होते. त्यांतले मराठी किती, लघुलहरी पकडू शकणारे किती, आणि सरकारी लंडनऐवजी चोरून बर्लिन लावणारे किती? श्रोत्यांची पाहणी करायला बीबीसीने लॉरेन्स ब्रँडर यांना १९४२ साली हिंदुस्थानात धाडले होते आणि त्यांचा अहवाल उत्साहवर्धक नव्हता. आपण जे करतो ते कोणीच ऐकत नाही, ही ऑर्वेलची तक्रार त्याच्या रोजनिशीत आहेच. अखेरीस नोकरी सोडताना हेच कारण त्याने दिले. ऑर्वेलचा हा वैताग अभ्यासकांनी फार मनावर घेतला आहे. इंग्रजी भाषणांविषयी तो खरा असेल. बीबीसीची इंग्रजी व्याख्याने हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून योजलेली होती आणि एलियटच्या कविता ऐकायला रात्री रेडिओभोवती बसणारा विद्यार्थी दुर्मिळच. पण मुलगा इटलीत असलेल्या माणसाला इटलीची बातमी आपल्या भाषेत हवी होती. हे दोन श्रोते एका मापाने मोजता येत नाहीत.

चितळे यांचे स्वतःचे म्हणावे असे जे प्रसारण आहे ते बातमीपत्राबाहेर आहे. 'थ्रू ईस्टर्न आइज' ही मालिका आशियाई माणसांच्या डोळ्यांनी ब्रिटनमधले जीवन दाखवणारी. तिच्यात त्या बोलल्या. ब्रिटिश श्रोत्यांसाठी असलेल्या 'किचन फ्रंट' या रेशनच्या काळातल्या लोकप्रिय कार्यक्रमात त्या शाकाहारी स्वयंपाकाविषयी बोलल्या. मटण आठवड्याला मोजून मिळते, अंडी तर बेताचीच, अशा वेळी इंग्लिश गृहिणीला डाळ-भाजी समजावून सांगणारी कोल्हापूरकर बाई. यावर हसू येते खरे, पण वार्ताहराचे काम याहून वेगळे काय असते? एका घरची चूल दुसऱ्या घराला समजेल अशा शब्दांत सांगायची. त्या आघाडीवर गेल्या नाहीत, चर्चिलची मुलाखत त्यांनी घेतली नाही. अंधारबंदी, रांगा, कूपने, तळघरातल्या रात्री हे त्यांचे क्षेत्र. मराठी वाचकाला त्याआधी युरोप भेटला होता तो प्रवासवर्णनांतून. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० सालचे. प्रवासी पाहतो आणि परत येतो. चितळे यांनी ते शहर जळताना त्यात वर्षानुवर्षे राहून पाहिले. मराठीत त्याचे पुस्तक झाले नाही.

पुस्तक का झाले नाही, हा प्रश्न मला सुचला तो उर्दूमुळे. मीरा रोडला मी राहतो ते नया नगर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून वसत गेले आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून आलेल्या कुटुंबांनी भरले. बोली उर्दू. इथल्या एका वयोवृद्ध परिचितांच्या कपाटात रझा अली आबिदी यांची 'जरनैली सडक' आणि 'शेर दरिया' ही पुस्तके आहेत. आबिदी लंडनला बीबीसीच्या उर्दू सेवेत अनेक वर्षे होते. पेशावरपासून कलकत्त्यापर्यंतचा बादशाही रस्ता त्यांनी ध्वनिमुद्रक घेऊन पालथा घातला, सिंधू नदी उगमाकडून समुद्रापर्यंत पाहिली. त्याचे कार्यक्रम झाले, कार्यक्रमांची पुस्तके झाली, आणि ती पुस्तके आज उर्दू गद्य म्हणून वाचली जातात, रेडिओचे उरलेसुरले म्हणून नाही. आमचे हे परिचित निवृत्तीपर्यंत यंत्रे दुरुस्त करीत होते, लेखक-बिखक नाहीत. 'सैरबीन' हे नाव काढले की ते आवाज ओळखून दाखवतात, कोण कसा श्वास घेई तेही सांगतात. मी त्यांना विचारले नाही, त्यांनीच मला विचारले, "तुमच्या मराठीचे कोण होते तिकडे?" मला एक नाव सांगता आले, आणि त्या नावापुढे सांगण्यासारखे एकही वाक्य नव्हते.

फरक भाषेच्या थोरवीचा नाही, अवधीचा आहे. फाळणीनंतर हिंदुस्थानीतून उर्दू वेगळी झाली, ३ एप्रिल १९४९ ला तिची स्वतंत्र सेवा सुरू झाली आणि दोन देशांतल्या श्रोत्यांच्या बळावर पिढ्यान् पिढ्या चालली. हिंदीची लघुलहरींवरची सेवा ३१ जानेवारी २०२० पर्यंत होती. मराठीची सेवा २५ डिसेंबर १९५८ ला, नाताळच्या दिवशी, बंद झाली. अजून मराठीचे राज्यही व्हायचे होते. त्याच सुमारास पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यायला बीबीसीत गेले, आणि तिथून आले ते 'अपूर्वाई' घेऊन. मराठी मनातले लंडन त्या पुस्तकाने कायमचे रंगवले, आणि छान रंगवले. पण त्यामुळे बीबीसी म्हणजे मराठी माणूस शिकायला जातो ती जागा असे चित्र झाले. तिथून मराठी माणूस सोळा वर्षे बोलत होता हे त्या चित्रात कुठे बसेना. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसी मराठी पुन्हा सुरू झाली तेव्हा अनेकांना ती नवीच वाटली.

दुसरे कारण आपल्या समीक्षेत आहे. 'नभोवाणी' हा शब्द आपण भाषाशुद्धीच्या हौसेने घडवला, पण नभोवाणीवर जे बोलले गेले त्याला वाङ्मय मानले नाही. नाटककाराची श्रुतिका निघाली तर त्याच्या संग्रहात तिला जागा मिळते. बातमी, भाषांतर, निवेदन यांना नाही. त्यातही भाषांतरित बातमी म्हणजे जातीबाहेरची जातीबाहेर. आता जरा उलट बाजूने पाहा. साध्या, थेट इंग्रजी गद्याचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा पुरस्कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, ज्याचा भाषा आणि राजकारण यांवरचा १९४६ सालचा निबंध अजून विद्यार्थ्यांना नेमला जातो, त्या लेखकाने त्याआधी सुमारे दोन वर्षे दर आठवड्याला असे इंग्रजी लिहिले की जे मराठीत, गुजरातीत, तमिळमध्ये, बंगालीत नेता आले पाहिजे. भाषांतरकार समोर बसलेला असताना पोकळ वाक्य लिहिणे अवघड जाते, कारण पोकळ वाक्याचे भाषांतर होत नाही. 'म्हणजे नेमके काय?' असा प्रश्न येतो. मराठी विभागात हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि गरज ज्यांना होती त्यांत वेणू चितळे होत्या. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण ऑर्वेलच्या शैलीवर लिहिताना बीबीसीतल्या वर्षांचा विचार करणारे अभ्यासक नोकरशाही, सेन्सॉर, बैठका या सगळ्यांची नावे घेतात आणि भाषांतराचे घेत नाहीत, हे मला त्यांच्या एकभाषिकतेचे लक्षण वाटते. दोन भाषांत जगणाऱ्या कोणालाही ते पहिल्यांदा सुचले असते.

राहते 'इन ट्रान्झिट'. दोन महायुद्धांच्या दरम्यानचे पुणे, एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्या, बायकांच्या शिक्षणाने आणि स्वदेशीच्या चळवळीने हळूहळू बदलत जाणारा वाडा. इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय लेखकांच्या इतिहासात के. आर. श्रीनिवास अय्यंगारांनी तिची दखल घेतली. मराठीने घेतली नाही, कारण ती इंग्रजी. इंग्रजीनेही फार काळ ठेवली नाही, कारण ती फारच मराठी. कादंबरी म्हणून ती सैल आहे हे मान्य केले पाहिजे. माणसे जास्त, सणवार जास्त, आणि परक्या वाचकाला रीतभात समजावून सांगण्याचा सोस जागोजाग. पण हा सोस कुठून आला ते आता ओळखता येते. 'किचन फ्रंट'वर डाळ समजावणारा आवाजच इथे मंगळागौर समजावतो आहे. सात वर्षे एका देशाला दुसऱ्या देशाविषयी सांगत राहिलेल्या माणसाला घराविषयी लिहितानाही समोर परका श्रोता दिसतो. ही त्या कादंबरीची मर्यादा. बातमीपत्रांतल्या त्यांच्या भाषेविषयी आज मिळणारा सगळ्यात जवळचा पुरावाही तोच.

आणि एक फरक. स्टुडिओत हिंदुस्थानविषयी अर्धेच बोलता येई. कादंबरीत खटक्यावर हात ठेवून कोणी बसलेले नव्हते. तिथला वाडा हळूहळू, न लाजता, राजकारण बोलतो. ज्या काळात बाहेर 'आम्ही' की 'आपण' असा पेच होता त्याच्या आधीच्या काळात जाऊन चितळे यांनी असे घर उभे केले, की जिथे हा पेच नाही. घरातले सगळे 'आपण' आहेत, भांडतात तेव्हासुद्धा. पण हे घरही त्यांनी इंग्रजीत उभे केले, म्हणजे पुन्हा एका 'वुई'त.

मराठी बातमीपत्रांचा शोध घ्यायचा तर रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅमला बीबीसीचे लेखी दप्तर आहे. वक्त्यांच्या आणि कार्यक्रमांच्या फाइली तिथे आहेत. ऑर्वेलसाठी ते दप्तर अनेकदा उपसले गेले. मराठी वाचता येणाऱ्या माणसाने, मराठीसाठी म्हणून, तिथे जाऊन बसायला हवे. पुण्या-कोल्हापूरच्या घरांत युद्धकाळातल्या पत्रांचे गठ्ठे अजून असतील, त्यांत 'काल लंडनची मराठी लागली होती' असे एखादे वाक्य असेल, तर तेही या इतिहासाचे साधन आहे. आवाज हरवला तरी तो ऐकल्याच्या खुणा कागदावर राहतात.

लीला खरे या नावाने चितळे यांनी पुढची चाळीसहून अधिक वर्षे काढली. १९९३ साली, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांचे आणखी एक पुस्तक निघाले. त्याचे नाव 'इन्कॉग्निटो'.